जीएसटी नंबर रद्द होण्याआधी येणारी ऑनलाइन नोटीस: ती शोधायची कुठे, उत्तर द्यायचं कसं

जूनच्या पहिल्या आठवड्यात एमआयडीसीतले एक फॅब्रिकेशनवाले आमच्या ऑफिसात आले. हातात परत आलेलं बिल होतं. ज्या बिल्डरला त्यांनी ग्रिल आणि जिने करून दिले होते, त्याच्या अकाउंटंटने बिलावर पेन्सिलीने लिहिलं होतं, 'नंबर कॅन्सल, पेमेंट होल्ड'. ते पुन्हा पुन्हा एकच सांगत होते, "साहेब, आईशप्पथ, एक कागद आला नाही मला. ना पोस्टमन, ना कुणी ऑफिसचा माणूस."

ते खोटं बोलत नव्हते. आम्ही पोर्टल उघडलं, तेव्हा कारणे दाखवा नोटीस २४ फेब्रुवारीची निघाली आणि नोंदणी रद्द केल्याचा आदेश १२ मार्चचा. दोन्ही रीतसर पाठवले होते. नोंदणीत जो ईमेल होता, तो आधीच्या अकाउंटंटचा. तो माणूस वर्षभरापूर्वी काम सोडून पुण्याला गेला होता. रिटर्न थांबले तेही तेव्हापासूनच. आदेशाविरुद्ध अर्ज करायला नव्वद दिवस मिळतात, त्यातले चौऱ्याऐंशी संपले होते.

अशी माणसं वर्षाला पाच-सात तरी भेटतात. धंदा प्रामाणिक, कष्ट मनापासून, पण सरकारची नोटीस आता दारावर येत नाही, ती एका पानावर येऊन बसते आणि तिथून दिवस मोजले जातात, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. दुकानदार, वर्कशॉपवाले, छोटे ठेकेदार, ज्यांच्यासाठी जीएसटी नंबर हाच धंद्याचा परवाना आहे, त्यांनी हा लेख वाचावा म्हणून सगळं सविस्तर लिहितो आहे. कायदा केंद्राचा आणि राज्याचा असा जोडीने चालतो. महाराष्ट्रात त्याला महाराष्ट्र वस्तू व सेवा कर अधिनियम, २०१७ म्हणतात. गोव्याचाही असाच स्वतंत्र कायदा आहे. तुमचा नंबर २७ ने सुरू होत असेल तर तो महाराष्ट्राचा, ३० ने सुरू होत असेल तर गोव्याचा. पद्धत दोन्हीकडे एकच.

ऑनलाइन आलेली नोटीस 'मिळाली' असं धरतात का?

हो, धरतात. कायद्याच्या कलम १६९ मध्ये नोटीस बजावायचे मार्ग दिले आहेत: हातोहात देणं, रजिस्टर किंवा स्पीड पोस्टाने अथवा कुरिअरने पाठवणं, नोंदणीच्या वेळी दिलेल्या ईमेलवर पाठवणं, जीएसटीच्या सामाईक पोर्टलवर उपलब्ध करून देणं, वर्तमानपत्रात छापणं आणि यातलं काहीच जमण्यासारखं नसेल तर शेवटच्या माहीत असलेल्या पत्त्यावर चिकटवणं. यातला ईमेल हा एक स्वतंत्र मार्ग आहे आणि पोर्टल हा दुसरा. 'मला हातात कागद मिळाला नाही' एवढ्या एका मुद्द्यावर अधिकाऱ्यासमोर टिकाव लागत नाही. नोटीस पोर्टलच्या आडबाजूच्या टॅबमध्ये टाकली होती म्हणून करदात्याला ती दिसली नाही, अशा तक्रारी मद्रास आणि दिल्ली उच्च न्यायालयांत गेल्या आणि काही प्रकरणांत करदात्यांना पुन्हा संधीही मिळाली. पण त्यासाठी उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. महिन्याला दहा मिनिटं पोर्टल उघडणं त्यापेक्षा कितीतरी स्वस्त.

दुसऱ्या बाजूने कायदा तुमचाही आहे. कलम २९ मध्ये स्पष्ट लिहिलं आहे की म्हणणं मांडायची संधी दिल्याशिवाय अधिकाऱ्याला नोंदणी रद्द करता येत नाही. त्या संधीचंच नाव ही नोटीस. म्हणून ती दिसली की घाबरून फोन बंद करू नका. दार अजून उघडं आहे, असाच तिचा अर्थ होतो.

पहिलं काम: ईमेल आणि मोबाइल आपल्या ताब्यात घ्या

बाकी सगळ्याच्या आधी हे करा. नोटीस आलेली नसली तरी आजच करा.

पोर्टलवर लॉगिन करून तुमच्या प्रोफाइलमध्ये अधिकृत स्वाक्षरीकर्त्याचा ईमेल आणि मोबाइल कुणाचा आहे ते बघा. कितीतरी ठिकाणी तो सीएच्या ऑफिसातल्या मुलाचा, जुन्या मुनीमजींचा किंवा नोंदणी करून देणाऱ्या सायबर कॅफेवाल्याचा असतो. २०१७ साली १ जुलैला जीएसटी लागू झाला त्या धावपळीत हजारोंच्या नोंदण्या अशाच झाल्या. त्यात कुणाचा वाईट हेतू नव्हता. ओटीपी पटकन मिळावा म्हणून ज्याच्या हातात फोन होता त्याचा नंबर टाकला गेला, इतकंच.

बदल करायचा असेल तर 'सर्व्हिसेस' मध्ये 'रजिस्ट्रेशन', त्यात 'अमेंडमेंट ऑफ रजिस्ट्रेशन नॉन-कोअर फील्ड्स' उघडा. स्वाक्षरीकर्त्याच्या पानावर नवा ईमेल आणि नवा मोबाइल टाका. दोन्हींवर वेगवेगळे ओटीपी येतात. ते भरून अर्ज सही करून सादर केला की काम झालं, याला अधिकाऱ्याची मंजुरी लागत नाही.

लॉगिनच हाती नसेल, म्हणजे यूजरनेम जुन्या माणसाकडे आणि ओटीपीही त्याच्याच फोनवर, तर तुमच्या हद्दीतल्या जीएसटी अधिकाऱ्याकडे जा. हद्द कुठली ते तुमच्या नोंदणी प्रमाणपत्रावर किंवा पोर्टलवरच्या 'सर्च टॅक्सपेअर' मध्ये नंबर टाकून कळतं. ओळखपत्र, धंदा तुमचाच असल्याचे कागद आणि साधा अर्ज घेऊन जा. अधिकारी नवा ईमेल आणि मोबाइल नोंदवून देतो. त्या ईमेलवर तात्पुरता पासवर्ड येतो आणि तिथून लॉगिन तुमचं. जुन्या माणसाशी भांडत बसू नका, त्यात दिवस जातात.

सल्लागाराला माहिती मिळत राहावी यात गैर काहीच नाही. पण मुख्य ईमेल मालकाचाच असावा, आणि त्यातून सल्लागाराला मेल आपोआप पुढे जाईल अशी सोय करावी. मी स्वतः सल्लागार आहे, तरी हेच सांगतो. घरचा कर्ता माणूस बोटीवर किंवा आखातात नोकरीला असेल आणि इथे गोव्यात, रत्नागिरीत त्याच्या नावावर होमस्टे किंवा दुकान चालत असेल, तर हे आणखी महत्त्वाचं. इथलं सिम तिकडे बंद पडतं, पण ओटीपी ईमेलवरही येतो. ईमेल चालू असला की समुद्रातूनही उत्तर सादर करता येतं.

दुसरं काम: नोटीस नक्की कुठे दिसते

लॉगिनशिवाय पहिली तपासणी होते. पोर्टलच्या पहिल्या पानावर 'सर्च टॅक्सपेअर' मध्ये आपला पंधरा अंकी-अक्षरी नंबर टाका. स्थितीसमोर 'ॲक्टिव्ह' असेल तर ठीक. 'सस्पेंडेड' असेल तर कारवाई सुरू झाली आहे. 'कॅन्सल्ड' आणि त्याला जोडून 'सुओ मोटो' असेल तर अधिकाऱ्याने स्वतःहून नोंदणी रद्द केली आहे. तुमचे ग्राहकही हेच पान बघतात. बिल्डरच्या अकाउंटंटने फॅब्रिकेशनवाल्यांचा नंबर इथेच टाकून पाहिला होता.

लॉगिन केल्यावर दोन जागा बघायच्या. 'सर्व्हिसेस', मग 'यूजर सर्व्हिसेस', त्यात 'व्ह्यू नोटिसेस अँड ऑर्डर्स' ही पहिली. त्याच यादीत 'व्ह्यू ॲडिशनल नोटिसेस अँड ऑर्डर्स' असा दुसरा पर्याय आहे. बहुतेक लोक पहिली जागा पाहून निर्धास्त होतात. दोन्ही बघा, दर वेळी. मी आमच्या पक्षकारांना रिटर्न भरायच्या दिवसालाच हे काम जोडायला सांगतो. थ्रीबी (जीएसटीआर-३बी, म्हणजे कर भरायचं रिटर्न) भरला की त्याच बैठकीत या दोन्ही जागा उघडायच्या, म्हणजे वेगळं लक्षात ठेवावं लागत नाही.

मोबाइलवर किंवा मेलवर आलेली नोटीस खरी की फसवी, अशी शंका येणं आता साहजिक आहे. मेलमधल्या लिंकवर बोट ठेवू नका. स्वतः पोर्टल उघडा. नोटिशीवर संदर्भ क्रमांक असतो, ज्याला आरएफएन म्हणतात. पोर्टलवर 'व्हेरिफाय आरएफएन' मध्ये तो टाकला की कागद खरा आहे का ते कळतं. केंद्राच्या अधिकाऱ्यांच्या पत्रांवर डीआयएन, म्हणजे कागदाचा ओळख क्रमांक, असतो. पोर्टलवरून निघालेल्या आणि आरएफएन असलेल्या पत्राला वेगळा डीआयएन लागत नाही, असं जून २०२५ च्या परिपत्रकात सांगितलं आहे. डीआयएन नाही म्हणून नोटीस खोटी समजून बाजूला टाकू नका.

तिसरं काम: नोटिशीचं नाव ओळखा

फॉर्मचा क्रमांक वरच्या कोपऱ्यात असतो आणि पुढचं सगळं त्यावर अवलंबून असतं.

जीएसटीआर-३ए ही पहिली घंटा. रिटर्न भरला नाही, पंधरा दिवसांत भरा, एवढंच ती सांगते. इथेच जागं झालात तर हा लेख पुढे वाचायची गरज नाही.

आरईजी-३१ म्हणजे तुमच्या आकड्यांत तफावत दिसते म्हणून नोंदणी सस्पेंड, म्हणजे तात्पुरती स्थगित, केली आहे, तीस दिवसांत खुलासा करा. उदाहरणार्थ, जीएसटीआर-१ मध्ये, म्हणजे विक्रीच्या बिलांच्या रिटर्नमध्ये, विक्री दहा लाखांची दाखवली आणि थ्रीबीमध्ये कर सहा लाखांवरच भरला.

आरईजी-१७ ही खरी कारणे दाखवा नोटीस. नोंदणी रद्द का करू नये, हे सात कामकाजाच्या दिवसांत सांगा, असं तिच्यात असतं. सुनावणीची तारीखही बहुधा असते.

आरईजी-१९ म्हणजे रद्द केल्याचा आदेश. आरईजी-२० म्हणजे कारवाई मागे घेतली. हा शेवटचा फॉर्म हाती पडला की माझे पक्षकार पेढे घेऊन येतात.

आरईजी-१७ च्या सात दिवसांचा हिशोब नीट करा. समजा नोटीस मंगळवारी पोर्टलवर आली. बुधवार पहिला, गुरुवार दुसरा, शुक्रवार तिसरा. राज्य सरकारची कार्यालयं शनिवारी-रविवारी बंद, म्हणून सोमवार चौथा, मंगळवार पाचवा, बुधवार सहावा आणि गुरुवार सातवा. मध्ये सरकारी सुट्टी आली तर एक दिवस पुढे. कागदावर हे नऊ-दहा दिवस दिसतात, पण नोटीस तिसऱ्या दिवशी दिसली आणि पाचव्या दिवशी सल्लागार लग्नाला गेला की काही उरत नाही. मी तर सुट्ट्या धरून सात दिवसच मोजतो.

चौथं काम: कारण वाचा आणि त्यालाच उत्तर द्या

आरईजी-१७ मध्ये येणारी कारणं ढोबळमानाने तीन-चार प्रकारची असतात आणि प्रत्येकाचं औषध वेगळं आहे.

*रिटर्न भरले नाहीत.* सर्वांत जास्त नोटिसा याच. दरमहा रिटर्न भरणाऱ्याने सलग सहा महिने भरला नाही, तिमाही योजनेतल्याने सलग दोन तिमाह्या भरल्या नाहीत, किंवा कंपोझिशनवाल्याने (उलाढालीवर ठरावीक दराने कर भरणाऱ्या छोट्या व्यापाऱ्याने) वर्षाचं रिटर्न मुदत संपून तीन महिने झाले तरी दिलं नाही, तर हे कारण लागू होतं. याचा उपाय कायद्यातच लिहून ठेवला आहे. नियम २२ म्हणतो की अशा वेळी लांबलचक उत्तर देण्याऐवजी सगळे थकलेले रिटर्न भरा, कर, व्याज आणि विलंब शुल्क चुकवा, अधिकारी कारवाई मागे घेईल. सस्पेन्शनही त्यामुळे उठतं.

लोक रिटर्न भरायला घाबरतात ते विलंब शुल्काच्या अफवांमुळे. कुणीतरी सांगतं, दिवसाला पन्नास रुपये, दहा महिन्यांचे लाखभर झाले असतील. तसं नाही. थ्रीबीला दिवसाला ५० रुपये, कर शून्य असेल तर २० रुपये, हे खरं. पण त्याला छत आहे. कर शून्य असलेल्या रिटर्नला जास्तीत जास्त ५०० रुपये. आधीच्या वर्षाची उलाढाल दीड कोटीपर्यंत असेल तर रिटर्नमागे २,००० रुपये. दीड ते पाच कोटींपर्यंत ५,००० आणि त्यावर १०,०००. म्हणजे छोट्या दुकानदाराचे सहा महिने थकले असतील तर विलंब शुल्क १२,००० च्या वर जात नाही, आणि सहाही महिने धंदा बंद असेल तर ३,०००. व्याज वेगळं, कराच्या रोखीने भरायच्या रकमेवर वर्षाला १८ टक्के. ही रक्कम हलकी आहे असं मी म्हणत नाही, पण नंबर गमावण्यापुढे काहीच नाही.

भरताना सर्वांत जुन्या महिन्यापासून सुरुवात करा, पोर्टल मधला महिना उडी मारून भरू देत नाही. प्रत्येक महिन्याचा जीएसटीआर-१ आधी, थ्रीबी नंतर. देय तारखेपासून तीन वर्षं उलटलेलं रिटर्न आता पोर्टल स्वीकारत नाही, म्हणून फार जुनं काही अडकलं असेल तर आधी ते पाहा.

*दिलेल्या पत्त्यावर धंदा आढळला नाही.* अधिकारी तपासणीला आला तेव्हा शटर बंद होतं, किंवा गाळा बदलला आणि पोर्टलवर पत्ता बदलला नाही. इथे रिटर्न भरून भागत नाही, पुरावा लागतो. भाडेकरार किंवा मालमत्ता कराची पावती, वीजबिल, गुमास्ता, दुकानाच्या पाटीचा फोटो, त्या पत्त्यावर आलेली खरेदीची बिलं, माल उतरवल्याच्या ट्रान्सपोर्टच्या पावत्या. पाटीवर जीएसटी नंबर असायलाच हवा, तो नियमच आहे, आणि नोंदणी प्रमाणपत्र दुकानात दिसेल असं लावलेलं असावं. फोटो काढताना शेजारचं दुकान, रस्ता, गल्लीची कमान येऊ द्या. नुसत्या शटरचा फोटो कुठल्याही गावचा असू शकतो. मागे एका पिठाच्या गिरणीवाल्याने मोजून चार फोटो दिले होते: रस्त्यावरून, दारातून, जात्याजवळून आणि भिंतीवरच्या वीज मीटरचा, त्यात मीटरचा नंबर वाचता येत होता. तोच नंबर वीजबिलावर होता. अधिकाऱ्याने पुढे काही विचारलं नाही.

*आकड्यांत तफावत.* महिनावार तक्ता करा. एका रकान्यात जीएसटीआर-१ ची विक्री, दुसऱ्यात थ्रीबीची, तिसऱ्यात फरक, चौथ्यात कारण. क्रेडिट नोट असेल तर तिची प्रत, चुकून एका महिन्याचं बिल दुसऱ्यात गेलं असेल तर दोन्ही महिन्यांचं दाखवा. खरंच कर कमी भरला गेला असेल तर भरून मोकळे व्हा आणि चलनाची प्रत जोडा.

*बँक खातं दिलं नाही.* नव्या नोंदणीवाल्यांना तीस दिवसांत किंवा पहिला जीएसटीआर-१ भरण्याआधी, जे आधी येईल तेव्हा, खात्याचा तपशील द्यावा लागतो. तो दिला की अडचण सुटते. पॅनवरचं नाव आणि खात्यावरचं नाव एकच असल्याची खात्री करा.

आणि एक पाचवा प्रकार आहे, ज्याचा मला मनापासून राग येतो. नोटिशीत कारणच नसतं. एका ओळीत कलमाचा उल्लेख, 'फसवणूक' असा शब्द आणि खाली काही नाही. अशा मोघम नोटिसा आणि कारण न देता काढलेले आदेश मुंबई उच्च न्यायालयाने वारंवार रद्द केले आहेत. तरी गप्प बसू नका. मुदतीत लेखी उत्तर द्या की नोटिशीत आरोपाचा तपशील नाही, ज्या कागदांवर ती आधारली आहे त्यांच्या प्रती द्याव्यात, मिळाल्यावर सविस्तर उत्तर देऊ, आणि तोवर आमची बाजू अशी आहे. हे उत्तर नोंदीत असलं की पुढे अपिलात किंवा न्यायालयात त्याला वजन येतं.

पाचवं काम: उत्तर सादर करणं

आरईजी-१७ चं उत्तर आरईजी-१८ मध्ये जातं. लॉगिन करून 'सर्व्हिसेस', 'रजिस्ट्रेशन', 'ॲप्लिकेशन फॉर फायलिंग क्लॅरिफिकेशन्स' इथे जा, नोटिशीचा संदर्भ क्रमांक निवडा, उत्तर लिहा आणि कागद जोडा. कंपनी आणि एलएलपीला डिजिटल सही लागते, बाकीच्यांना ओटीपीवर सही करता येते.

उत्तर मराठीत लिहिलं तर चालतं का, असं पुष्कळ जण विचारतात. राज्याच्या अधिकाऱ्यांना मी मराठीत जोडपत्र दिलेलं आहे, कुणी परत केलं नाही. केंद्राच्या अखत्यारीत नोंदणी असेल तर इंग्रजी किंवा हिंदी सोपं पडतं. भाषा कुठलीही असो, वाक्यं छोटी हवीत आणि क्रमाने. अमुक तारखेची नोटीस, अमुक संदर्भ क्रमांक. आरोप हा. वस्तुस्थिती ही. पुरावा जोडपत्र एक, दोन, तीन. विनंती: कारवाई मागे घ्यावी, प्रत्यक्ष सुनावणीची संधी द्यावी. कोविडमध्ये काय झालं, मुलाचं लग्न होतं, ही हकिकत मनात कितीही खरी असली तरी ती शेवटी दोन ओळींत. आजारपण असेल तर डिस्चार्ज कार्ड जोडा, मग त्या दोन ओळी भक्कम होतात.

सादर केल्यावर एआरएन, म्हणजे अर्जाचा पोच क्रमांक, येतो. तो पान छापून घ्या किंवा पीडीएफ करून स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवा. सुनावणीला जाताना सगळ्या संचाची एक कागदी प्रत न्या आणि ती देऊन आपल्या प्रतीवर पोच घ्या. सुनावणीला जमणार नसेल तर आदल्या दिवसापर्यंत पोर्टलवरून मुदत मागा. फोनवर 'साहेबांना सांगितलंय' याला काही अर्थ नाही.

मधल्या काळात नोंदणी सस्पेंड असेल तर एक पथ्य कडक पाळा: टॅक्स इनव्हॉइस काढू नका आणि बिलात कर लावू नका. माल पाठवायला लागणारं ई-वे बिलही तेव्हा निघत नाही. नेहमीच्या गिऱ्हाइकाला खरं काय ते सांगा. तो पोर्टलवर बघणारच आहे.

नंबर रद्द झालाच असेल तर

आरईजी-१९ आला की दोन वाटा आहेत. एक, आरईजी-२१ भरून नोंदणी पुन्हा चालू करायचा अर्ज. याची मुदत आदेश बजावल्यापासून ९० दिवस. १ ऑक्टोबर २०२३ च्या आधी ती अवघी ३० दिवस होती, जुनं ऐकलेलं डोक्यात असेल तर काढून टाका. पुरेसं कारण दिलं तर आयुक्त किंवा त्यांनी नेमलेले वरिष्ठ अधिकारी आणखी १८० दिवसांपर्यंत मुदत वाढवू शकतात. दोन, कलम १०७ खाली अपील, आदेश कळल्यापासून तीन महिन्यांत, सबळ कारण असेल तर वर एक महिना. रिटर्न थकल्याने रद्द झालेल्या नोंदणीला पहिली वाट जवळची.

अर्ज करण्याआधी रद्द झाल्याच्या तारखेपर्यंतचे सगळे रिटर्न भरलेले हवेत, पैशांसकट. रद्द करण्याची तारीख मागची धरली असेल, म्हणजे आदेश मार्चचा पण लागू गेल्या जुलैपासून, तर त्या तारखेनंतरचे रिटर्न नोंदणी परत मिळाल्यावर तीस दिवसांत भरायचे असतात. मग 'सर्व्हिसेस', 'रजिस्ट्रेशन', 'ॲप्लिकेशन फॉर रिव्होकेशन ऑफ कॅन्सल्ड रजिस्ट्रेशन'. कारणाच्या चौकटीत थोडक्यात खरं लिहा. अधिकारी तीस दिवसांत निर्णय देतो. शंका असेल तर आरईजी-२३ ची नोटीस येते आणि उत्तराला पुन्हा तेच सात कामकाजाचे दिवस. ही नोटीसही पोर्टलवरच येते. अर्ज केला म्हणून लोक निश्चिंत होतात आणि नेमकी हीच चुकवतात.

नोंदणी परत मिळाली की मधल्या काळाचे रिटर्न तीस दिवसांत भरायचे. त्या काळातलं खरेदीवरचं क्रेडिट, म्हणजे खरेदीत दिलेल्या कराची वजावट, बुडेल का, ही भीती २०२४ च्या दुरुस्तीने बरीच कमी केली आहे: पुन्हा चालू झाल्याच्या आदेशापासून तीस दिवसांत भरलेल्या रिटर्नमध्ये ते घेता येतं.

सगळ्या मुदती उलटल्या असतील तर उच्च न्यायालय उरतं. औरंगाबाद खंडपीठाने फेब्रुवारी २०२३ मध्ये रोहित एंटरप्रायझेस प्रकरणात नोंदणी परत दिली. छोट्या माणसाला मुदतीच्या तांत्रिक कारणावर धंद्यातून बाहेर ठेवून सरकारच्या महसुलालाही फायदा नाही, असा त्या निकालाचा रोख होता. वकिलाकडे जाताना पोर्टलवरचे सगळे कागद, ईमेल कुणाचा होता त्याचा पुरावा आणि आता भरलेल्या कराची चलनं घेऊन जा.

दोन गोष्टी मात्र करू नका. जुन्या नंबरवर बिलं काढत राहू नका, नोंदणीशिवाय कर गोळा करण्याचा दंड जबर आहे. आणि 'सोडा तो नंबर, बायकोच्या नावावर नवा काढू' किंवा त्याच पॅनवर नवा अर्ज टाकू, ही वाटही धरू नका. त्याच पॅनवर अर्ज आला की अधिकाऱ्याला आधीची रद्द झालेली नोंदणी दिसते आणि थकबाकी जागची हलत नाही. धंदा खरोखर बंदच करायचा असेल तर जीएसटीआर-१० हे अंतिम रिटर्न तीन महिन्यांत भरा, नाहीतर नोटिसा तिथूनही सुरू होतात.

त्या फॅब्रिकेशनवाल्यांचं सांगायचं राहिलं. ऑगस्ट ते मार्च असे आठ थ्रीबी होते, सोळा हजार रुपये विलंब शुल्क, वर कर आणि व्याज. पहिला दिवस जीएसटी कार्यालयात ईमेल बदलून घेण्यात गेला. पुढचे तीन दिवस त्यांची मुलगी आमच्या टेबलाशी बसून बिलबुकातून एकेक बिल वाचून दाखवत होती आणि आमचा मुलगा भरत होता. एकोणनव्वदाव्या दिवशी संध्याकाळी पावणेसातला ओटीपी आला, तो तिच्याच फोनवर. जुलैत नोंदणी चालू झाल्याचा आदेश आला तेव्हाही तिनेच तो आधी पाहिला आणि वडिलांना वर्कशॉपमध्ये फोन केला. आता दर महिन्याच्या वीस तारखेला तिच्याकडून मला एक मेसेज येतो: 'थ्रीबी भरला. दोन्ही टॅब बघितले. काही नाही.'